एकोणदहा

मिरी आठापर्यंत अगदी नीट आली. डब्याच्या प्रत्येक कप्प्यावर बोट, प्रत्येक बोटाला एक आकडा, घाई नाही की धांदल नाही. मग नवव्या कप्प्यातल्या नटवर बोट टेकवून ती म्हणाली, "एकोणदहा." दहावा कप्पा रिकामा होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं आणि काम उरकल्यासारखे हात फ्रॉकला पुसले.

समोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाबाला वाटलं, आपलेच कान वाजले. त्याने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. सात, आठ, एकोणदहा.

"नऊ," बाबा म्हणाला.

"नऊ," मिरीनेही मान डोलावली. बाबा बोलला ते खरंच होतं, फक्त विषय सोडून होतं, अशा समजूतदारपणाने.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो डबा त्याच्या कामाच्या पिशवीतला, पारदर्शक प्लास्टिकचा, पाच-पाच कप्प्यांच्या दोन ओळी असलेला. त्यात त्याने मोजणी शिकवायला दहा पितळी नट ठेवले होते. त्यातला एक पहिल्याच दिवशी घरंगळत फ्रिजखाली गेला, आणि फ्रिज हलवायचं काम बाबा रोज उद्यावर ढकलत होता.

मिरीचं खरं नाव कागदोपत्री काही वेगळंच होतं, पण जन्मली तेव्हा एवढीशी, काळीसावळी आणि तिखट आवाजाची, म्हणून आत्याने तिला मिरी म्हटलं ते चिकटलं. आता ती साडेचार वर्षांची होती, आणि दिवसभर तिला सांभाळायचं काम बाबाकडे होतं. कारण मिरीची आई शिकायला गेली होती. ती नर्स होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल कशी करायची, याचं वर्षभराचं शिक्षण दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात मिळायचं. तिथली तिची निवड आधी दोनदा हुकली होती. तिसऱ्यांदा झाली तेव्हा बाबानेच तिची बॅग माळ्यावरून काढली. साठवलेली सगळी रजा तो घेईल, रजा संपेपर्यंत मिरीला पुलापलीकडच्या बालवर्गात प्रवेश मिळेल, असं ठरलं. मुलांना संध्याकाळपर्यंत ठेवणारी आसपास तेवढी एकच शाळा होती. बाकीच्या दुपारीच मुलं हातात देत.

आणि नाही मिळाला प्रवेश तर? तर बाबाला कामावर हजर व्हावंच लागणार, मिरीला एकटं ठेवता येणार नाही, म्हणजे आईने शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यायचं. ती जागा पुन्हा मिळायची नाही, हे दोघांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते बोलत मात्र नसत.

शाळेची अट मोठी नव्हती. वर्ग सुरू होण्याआधी बाई मुलाशी थोडा वेळ गप्पा मारत. मुलाला एका जागी बसता यावं, आपलं म्हणणं सांगता यावं, दहापर्यंत मोजता यावं. एवढंच.

म्हणून बाबाने घराचाच वर्ग केला होता. मुलांना शिकवायचं काही त्याला येत नव्हतं. पण बंद पडलेल्या यंत्रासमोर बसून ते काय करतंय हे पाहत राहायची सवय होती, आणि ती इथे कामी आली. सकाळी धुतलेल्या मोज्यांचा ढीग पलंगावर ओतायचा आणि मिरीने जोड्या लावायच्या. ताटात मीठ पसरायचं आणि त्यात बोटाने रेघा, गोल, आकडे काढायचे. चुकलं तर ताट हलवायचं, की पाटी कोरी. न्हाणीघरात दोन पेले, एक उंच बारीक, एक बसका रुंद. त्यात एकाच कपाने पाणी ओतून कशात जास्त मावतं ते आधी सांगायचं आणि मग पाहायचं. मिरी दर वेळी उंच पेल्याच्या बाजूने असायची आणि दर वेळी हरायची. हरल्यावर ती पेल्याच्या आत डोकावून पाही, खाली भोक आहे की काय म्हणून. बाबाला ते फार आवडलं होतं.

त्या दिवशी त्याने ओट्याखालची सगळी पातेली आणि झाकणं बाहेर काढली. कोणतं झाकण कोणत्या पातेल्याचं, ते लावायचं. मोठा खणखणाट झाला. शेवटी सहा पातेली झाकली गेली आणि एक उघडं राहिलं, कारण त्याचं झाकण कधीच हरवलं होतं. मिरीने सगळ्या झाकणांवर टिचक्या मारल्या, उघड्या पातेल्यात तोंड घालून "हू" केलं आणि जाहीर केलं, "एकोणसात."

बाबाचा हात झाकणावरच थांबला. एकोणदहा ही जिभेची चूक असेल असं तो धरून चालला होता. पण एकोणसात? असा शब्दच नाही. जो शब्द कोणी कधी उच्चारलेलाच नाही, तो हिने ऐकला कुठून?

संध्याकाळी आत्या आली. मिरीची आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. खालच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि दुकान बंद करून घरी जाता जाता ती रोज भावाचं उणंदुणं काढायला डोकावत असे. आज येताना तिने जुन्या बटणांचा डबा आणला होता. रंगाप्रमाणे वेगळी करायला पोरीला बरी, असं म्हणून तिने तो मिरीपुढे उपडा केला. मग एकोणसातची हकिकत ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"तू खेळच खेळत बस तिच्याशी," ती म्हणाली. "उजळणी घे तिची, उजळणी. रोज सकाळ-संध्याकाळ. आपण काय नट मोजून शिकलो?"

"आपण छड्या मोजून शिकलो, ताई."

"पण नऊला नऊ म्हणायला शिकलो ना?"

आत्याने मिरीला मांडीवर घेऊन एक ते दहा म्हणून घेतलं. मिरीने नुसते, हवेतले आकडे घडाघडा म्हटले. सात, आठ, नऊ, दहा. आत्याने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिलं. तेवढ्यात मिरीने शेजारी पडलेला, आत्याने टाका घालायला घरी चालवलेला गिऱ्हाइकाचा सदरा उचलला आणि त्याची बटणं मोजली. एक, दोन, तीन, चार, एकोणसहा. मधलं एक बटण तुटलेलं होतं.

"बघ, ये रे माझ्या मागल्या," आत्या म्हणाली. पण बाबा आता तिचं ऐकत नव्हता. तो त्या सदऱ्याकडे पाहत होता.

लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबत असेल तर अननुभवी माणूस तीन गोष्टी एकदम बदलतो. लिफ्ट सुधारते, पण दोष कशात होता ते कळत नाही, आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, हे बाबाला त्याच्या वस्तादाने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मिरीबरोबर तेच सुरू केलं. मिरीला तो खेळ वाटला, आणि तो खेळच होता.

आधी डब्यातले नऊ नट काढून त्याने जमिनीवर पसरले. किती? नऊ, मिरी म्हणाली, एका दमात. तेच नट त्याने पुन्हा डब्यात ठेवले, एका कप्प्यात एक. किती? एकोणदहा. नट तेच, मुलगी तीच, जमीन तीच. बदलला तो फक्त डबा.

मग त्याने रिकाम्या कप्प्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. मिरी मोजत आली, पुठ्ठ्यापाशी अडली, तो उचलून खाली पाहिलं, परत ठेवला आणि म्हणाली, एकोणदहा. मग त्याने अंड्यांचा सहा खळग्यांचा ट्रे आणला आणि त्यात पाच अंडी ठेवली. एकोणसहा. पाच अंडी वाटीत? पाच. आता बाबाच्या अंगात संचारलं. त्याने ट्रेमध्ये चारच अंडी ठेवली आणि श्वास रोखून वाट पाहिली.

मिरी बराच वेळ पाहत राहिली. "चार," ती म्हणाली.

"चार का? एकोण का नाही?"

"दोन नाहीत ना," मिरी म्हणाली. तिच्या दृष्टीने ते इतकं उघड होतं की तिने लगेच अंड्यांवर पेनाने डोळे काढायला परवानगी मागितली.

म्हणजे नियम होता, आणि तो पक्का होता. जागा ठरलेल्या असतील आणि त्यातली बरोबर एक रिकामी असेल, तर एकोण. जागाच नसतील तर साधा आकडा. बाबाला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. चुका करणाऱ्या मुलाला सुधारता येतं. पण हिचा हिशेब चुकतच नव्हता. बाईंना हे कोण सांगणार?

आणि मूळ प्रश्न तसाच होता. हे हिला सुचलं कुठून?

उत्तर मिळालं ते लिफ्टमध्ये, आणि तेही त्यांच्याच इमारतीच्या. दुपारी दोघं दूध आणून परतत होते. त्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या आणि त्यांनी वीसचं बटण दाबलं. मिरीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"तुमचं घर एकोण आहे ना?"

"हो ग बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विसाव्यावर जायचं आणि एक जिना उतरायचा. वीस उणे एक. आमच्या नशिबी एकोणिसावा मजला असाच." मग त्यांनी बाबाकडे पाहून सांगितलं की दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, लिफ्टवाला घरात, आणि घरच्या लिफ्टचं बटण बेपत्ता.

बाबाने नेहमीचं उत्तर दिलं. या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मंडळींकडे देखभालीला होती, आणि दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही हा धंद्याचा नियम. डॉक्टरीणबाईंनी तो मान्य केला. आम्हीही दुसऱ्याने भरलेला दात उगाच उकरत नाही, असं म्हणून त्या विसाव्यावर उतरल्या.

दार बंद झालं. बाबा बटणांच्या पट्टीकडे पाहत राहिला. दोन रांगा, गोल बटणं. अठरा, मग एक गोल भोक, मग वीस. भोकात तारा उघड्या नाहीत ना, हे त्याने बटण पडलं त्याच दिवशी पाहून घेतलं होतं. आतून पट्टी लावलेली होती. आणि त्याच दिवशी मिरीने तिथे बोट घातलं होतं. तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते त्याला आता शब्दन् शब्द आठवलं. बोट काढ, मिरे. तिथे बटण नाही. तो एकोणीस आहे.

तिथे बटण नाही, तो एकोणीस आहे. झालं. त्यानंतर रोज ये-जा करताना ती भोकाकडे बोट दाखवून विचारी, हा कोण? आणि तो म्हणे, एकोणीस. जिथे एक नाही, ते एकोण. ती शिकवलेलंच शिकली होती, तेही घरच्या मास्तरांकडून.

ओट्यावर दूध तापत ठेवून बाबा स्वतःशीच आकडे म्हणू लागला. एकोणतीस. एकोणचाळीस. एकोणपन्नास. प्रत्येकाच्या पोटात एक एक भोक होतं. एक उणा तीस, एक उणा चाळीस. शाळेत हे कोणी सांगितलंही असेल. पण आयुष्यभर तो एकोणीस, एकोणतीस म्हणत आला होता आणि त्यातली रिकामी जागा त्याला कधी दिसली नव्हती. रोज वापरायच्या जिन्यात दर दहा पायऱ्यांनी एक पायरी नसावी, आणि पाय सवयीने ती ओलांडत राहावा, तसं. मग तो नव्व्याण्णवपाशी अडला. शंभराला एक कमी, तरी एकोणशंभर नाही. आणि नऊ तरी एकोणदहा का नाही? मिरीचा नियम भाषेपेक्षा सरळ होता. एवढ्यात दूध उतू गेलं.

संध्याकाळी त्याने हे ताईला विचारलं. नव्व्याण्णव असं का? आत्याने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं की भाषेचं भाषेला विचार, मला बाहीचं माप विचार. मग दोरा दाताने तोडून ती म्हणाली की कारण सापडलं हे बरं झालं, आता ती खोड मोड. बाईंच्या समोर पोर एकोणदहा म्हणाली तर बाई लिफ्ट बघायला येणार नाहीत.

रात्रीच्या जेवणाआधी आईचा फोन यायचा. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला असायचा, आणि पलीकडे आई वसतिगृहाच्या खोलीत, केस विंचरत. आज बाबाने सगळं सांगितलं. नट, पातेली, अंडी, भोक. आई हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही, तिने फणी खाली ठेवली.

"आम्ही इथे असंच मोजतो," ती म्हणाली. एखादं बाळ वेळेच्या दोन महिने आधी आलं, आणि आता चार महिन्यांचं झालं, तर त्याला चार महिन्यांचं म्हणून तपासत नाहीत. जे कमी पडले ते आधी वजा करतात. मग ते दोनच महिन्यांचं ठरतं, आणि मान धरत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. पहिले काही दिवस तिचा सारखा गोंधळ होत होता, असं ती म्हणाली. मिरी इथे असती तर तिचा झाला नसता.

मिरी टेबलावर ताटं मांडत होती. ते तिचं काम होतं, आणि तोही शिकायचाच एक भाग. माणूस तिथे ताट, ताट तिथे पेला.

"तरी बाईंसमोर नऊच म्हणू दे," आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मला परत यायचं नाहीये रे. तुमची आठवण येते, पण परत यायचं नाहीये."

म्हणून बाबाने दुसऱ्या दिवसापासून मिरीला समजवायला घेतलं. एकोणदहा हा आपल्या घरचा शब्द आहे, तो चुकीचा नाही, पण शाळेत बाईंनी विचारलं तर नऊ म्हणायचं. मिरीने ऐकून घेतलं.

"तिथे सगळे असतील?" तिने विचारलं.

"कोण सगळे?"

"सगळे."

असतील, बाबा म्हणाला, आणि त्याला वाटलं विषय मिटला.

शाळेचा वर्ग रंगाच्या आणि ओल्या मातीच्या वासाचा होता. भिंतीला लागून खोकी, खोक्यांत ठोकळे. खिडकीत काचेच्या बरण्यांमध्ये कापसावर उगवलेली रोपं. खुर्च्या इतक्या बुटक्या की बाबाचे गुडघे छातीशी आले. शेजारची खुर्ची आईसाठी मांडलेली होती, ती रिकामी राहिली. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं की मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, उत्तरं पुरवायची नाहीत, घसा खाकरायचा नाही. खाकरण्यातून काय काय सांगता येतं ते मला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या.

मिरी छान बसली, छान बोलली. रोपांना माती का नाही, असं तिनेच विचारलं. मग बाईंनी मेणाच्या खडूंची पेटी टेबलावर उपडी केली आणि खडू मोजायला सांगितले. मिरीने एकेक खडू बाजूला सारत मोजलं. "सात, आठ, नऊ." बाबाने सुटकेचा श्वास टाकला, आवाज न करता.

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता भर ते पेटीत."

पेटीत खडू ठेवायला खाचा होत्या. एका खडूला एक खाच. बाबाने त्या मोजल्या. खाचा दहा होत्या. मिरी जीभ बाहेर काढून एकेक खडू बसवत होती. शेवटची खाच रिकामी राहिली.

"आता किती आहेत?" बाईंनी विचारलं. त्यांना पाहायचं होतं ते साधंच. जागा बदलली की मूल पुन्हा पहिल्यापासून मोजतं, की मघाचंच उत्तर देतं.

मिरीने पेटीकडे पाहिलं. मग बाबाकडे. मग पुन्हा पेटीकडे.

"नऊ म्हणायचं आहे," ती म्हणाली. "पण एकोणदहा आहे."

बाबाचं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला, आणि ते मिटलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"एकोण म्हणजे काय ग?"

बाईंना एवढंही माहीत नाही याचं मिरीला नवल वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही. "एक कोण, ते," ती म्हणाली.

"एक कोण?"

"हो. एक कोण नाही, ते बघायचं." तिने रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "इथे पिवळा नाही."

बाईंनी पेटी आपल्याकडे वळवली आणि एकेक रंग पाहिला. पिवळा खरोखरच नव्हता. नट, पातेली, अंडी, भोक, सगळं बाबाने तपासलं होतं. फक्त शब्द नीट ऐकला नव्हता. एक उणा हे त्याला सापडलं. मिरीला तिथे ऐकू येत होतं, एक कोण. ती कधीच कमी मोजत नव्हती. ती विचारत होती.

बाई पुढे झुकल्या. प्रवेशाचं वगैरे त्या बहुधा विसरल्या होत्या. "तुमच्या घरी किती जण?"

"एकोणतीन."

"आणि एक कोण?"

"आई. ती बाळांचं शिकायला गेली आहे. तिचं ताट आहे."

तेव्हा बाबाला आठवलं की रात्री टेबलावर तीन ताटं असतात. त्याला वाटायचं, पोर चुकून मांडते. जेवण झालं की एक कोरं ताट तो न बोलता उचलून ठेवत असे.

मग बाईंनी अगदी बाबासारखंच केलं. एकच गोष्ट बदलली. "मी आणि माझी बहीण एका घरात राहतो. आमच्या घरी किती जण?"

मिरीने डोळे बारीक केले. "आणखी कोणी यायचं आहे?"

"नाही. कोणी नाही."

"मग दोन," मिरी म्हणाली.

बाई मागे टेकल्या. त्यांनी बाबाकडे पाहिलं, आणि आता तुम्ही खाकरू शकता, असं सांगितलं. त्याने घाईघाईने सांगायला घेतलं की तिला नऊ येतं, लिफ्टचं एक बटण पडलं आहे, त्यामुळे. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. बटणाचं तर दोनदा विचारलं. मग त्या मिरीकडे वळल्या.

"माझ्या वर्गात वीस मुलांची जागा आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता एकोणीस झाली आहेत."

मिरीने वर्गभर नजर फिरवली. बुटक्या खुर्च्या, खुंट्या, खुंट्यांखालची चित्रं.

"एक कोण?" तिने विचारलं.

"तू," बाई म्हणाल्या.

दोघं पुलावर आले. तिथे थांबून बाबाने फोन लावला. आई कामावर होती, मागे कुठल्यातरी यंत्राची बारीक टिकटिक चालू होती. झालं, एवढंच तो म्हणाला. मग आईने विचारलं, नऊ म्हणाली का? बाबा म्हणाला, नाही, आणि ती हसू लागली. कोणाचं तरी बाळ झोपलेलं असावं, म्हणून तोंडावर हात धरून.

वाटेत आत्याच्या दुकानात बातमी द्यायला थांबले. आत्या म्हणाली, मला ठाऊकच होतं. उजळणी मीच घेतली होती.

इमारतीत शिरले तेव्हा लिफ्टपाशी हत्यारांची पेटी आवरत असलेला एक माणूस भेटला. त्या दुसऱ्या मंडळींचा. त्याने आणि बाबाने एकमेकांना मानेनेच ओळख दिली. दार उघडलं. आत, अठरा आणि वीसच्या मध्ये, नवंकोरं बटण चकाकत होतं. बाकीची वापरून पुसट झालेली. ते एकटंच नवं.

मिरीने त्यावरून बोट फिरवलं. भोक नव्हतं. तिने बाजूने, खालून, सगळीकडून पाहिलं.

"बाबा, आता हा कोण?"

एकोणीस म्हणावं, तर इथे आता सगळे होते. दुसरं काही म्हणावं, तर शब्दच नव्हता. लिफ्ट दार उघडं ठेवून थांबली होती.

"काय माहीत," तो म्हणाला. "जाऊन बघायचं?"

मिरीने टाचा उंचावल्या आणि अंगठ्याने ते नवं बटण दाबलं.